क्रेनच्या पायाखालचं लाकूड : घरी बनवलेलं पॅड खरं काम कधी करतं

एका कामावर क्रेनच्या पायाखाली प्लायवूडचा चौकोनी तुकडा टाकलेला पाहिला होता. तुकडा चांगला ऐसपैस होता, क्रेनच्या पायापेक्षा तिप्पट रुंद. ऑपरेटरने पाय टेकवून जोर द्यायला सुरुवात केली आणि त्या तुकड्याचे चारही कोपरे हळूहळू जमिनीवरून वर उचलले गेले. मधला भाग मातीत शिरत होता आणि कडा हवेत. कोपऱ्याखालून हात सहज गेला असता. पायाखाली काहीतरी टाकलंय, एवढ्यावर आजूबाजूचे सगळे निश्चिंत होते. ऑपरेटरचं लक्ष गेलं, त्याने पाय वर घेतले आणि काम थांबवलं. पुढे अर्धा दिवस वाया गेला, पण क्रेन उभी राहिली.

तो तुकडा मोठा होता, हे खरं. पण त्याचा जो भाग प्रत्यक्ष जमिनीला टेकून वजन घेत होता, तो क्रेनच्या पायाएवढाच होता. उरलेलं लाकूड नुसतं शोभेला. पॅड किती मोठं आहे यापेक्षा ते किती ताठ आहे, हा प्रश्न आधी विचारायला हवा. घरच्या घरी, म्हणजे आपल्याच वर्कशॉपमध्ये लाकडी पॅड बनवायचं असेल तर सगळं गणित या एका गोष्टीभोवती फिरतं.

एका पायावर किती वजन येतं

मोबाइल क्रेन टायरवर चालत येते, पण वजन उचलताना ती बाजूला पसरलेल्या चार पायांवर उभी राहते. या पायांना आउटरिगर म्हणतात. प्रत्येक पायाच्या टोकाला एक लोखंडी थाळी असते, तिला फ्लोट म्हणतात. क्रेनचं स्वतःचं वजन, मागचं काउंटरवेट (तोल सांभाळणारं वजन), हूक ब्लॉक (हूक आणि त्याच्या कप्प्या), स्लिंग (माल बांधायचे पट्टे किंवा दोर) आणि उचललेला माल असं सगळं या चार थाळ्यांमधून जमिनीत उतरतं.

इथे पहिली चूक होते. चार पाय म्हणजे प्रत्येकावर पाव वजन, असं मनात धरलं जातं. बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, जेव्हा एका कोपऱ्याच्या दिशेने वळतो, तेव्हा तसं राहत नाही. टेबलाच्या एका कोपऱ्यावर बसून पाहा. समोरचा तिरका पाय हलका होतो, कधी उचललाही जातो, आणि आपण बसलेल्या कोपऱ्याखालचा पाय जवळपास सगळं वजन घेतो. क्रेनचंही तसंच आहे. बूम एखाद्या पायाच्या थेट वर आला की त्या एका पायावर एकूण वजनाचा साधारण पाऊण हिस्सा येऊ शकतो. अंदाज बांधताना बरेच जण पाऊण धरतात, सावध माणसं त्याहून जास्त धरतात. नेमका आकडा त्या क्रेनच्या निर्मात्याच्या तक्त्यात मिळतो. नव्या क्रेनमध्ये तो केबिनमधल्या पडद्यावरही दिसतो.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. हूक रिकामा असतानाही एखाद्या पायावर भरपूर वजन असू शकतं. बूम उंच उभा आणि मागे पूर्ण काउंटरवेट लावलेलं असलं की काउंटरवेटच्या बाजूचे पाय दाबले जातात. म्हणून ‘माल ज्या बाजूला उचलायचा त्याच बाजूला पॅड टाकू’ हा हिशोब चुकीचा आहे. चारही पायांखाली सारखंच पॅड हवं.

जमीन काय सांगते

माणूस चिखलात चालताना रुततो, पण चिखलावर फळी टाकून तिच्यावरून गेला तर रुतत नाही. वजन तेच, जागा वाढली. दाब म्हणजे वजन भागिले क्षेत्रफळ, एवढंच हे गणित आहे.

जमिनीला किती दाब सोसतो, याचे साधारण आकडे बांधकामाच्या पुस्तकांत मिळतात. मऊ चिकणमाती चौरस मीटरला साडेसात टनांपेक्षा कमी सोसते. घट्टसर चिकणमाती साडेसात ते १५ टन, कडक झालेली चिकणमाती १५ ते ३० टन. मोकळी वाळू १० टनांच्या आत. चांगली दाबलेली घट्ट खडी ६० टनांच्याही वर जाते. हे आकडे पाया बांधताना प्राथमिक अंदाजासाठी वापरतात, ते एखाद्या विशिष्ट जागेची खात्री देत नाहीत. तीच चिकणमाती पाऊस पडून गेल्यावर वेगळी वागते. वरून कडक दिसणाऱ्या पापुद्र्याखाली ओला गाळ असू शकतो. त्यातही घात करतो तो भराव. जुना चर खणून वरवर माती लोटलेली असते, वर गवत उगवलेलं असतं, आणि खाली पोकळी.

आता एक उदाहरण घेऊ. हे उदाहरण हिशोब कसा चालतो ते कळावं म्हणून आहे, त्यातले आकडे उचलून कोणत्याही क्रेनला लावू नका.

समजा क्रेनचं वजन २४ टन आहे. उचलायचा माल, हूक ब्लॉक आणि स्लिंग मिळून ६ टन. एकूण ३० टन. त्याचा पाऊण हिस्सा साडेबावीस टन, तो एका पायावर येणार. फ्लोट गोल आहे आणि त्याचा व्यास ४० सेंमी. त्याचं क्षेत्रफळ होतं साधारण ०.१२६ चौरस मीटर. म्हणजे फ्लोटखाली चौरस मीटरला जवळपास १८० टन दाब! कडक चिकणमातीसुद्धा याच्या सहाव्या हिश्श्यापलीकडे काही सोसत नाही. पॅडशिवाय तो पाय खाली जाणारच.

जमीन चौरस मीटरला २० टन सोसते असं धरलं, तर साडेबावीस टनांसाठी १.१३ चौरस मीटरच्या आसपास जागा लागेल. १.१ मीटर बाय १.१ मीटरचं पॅड घेतलं तर १.२१ चौरस मीटर मिळतात आणि दाब साडेअठरा टनांवर येतो. जमीन १० टनांचीच असेल तर पॅडची बाजू थेट दीड मीटरवर जाते.

इथपर्यंतचा हिशोब बरेच जण करतात. आणि इथेच थांबतात. तो वर वाकलेला प्लायवूडचा तुकडाही इथेच थांबलेल्या कोणाच्या तरी हिशोबातून आलेला होता.

मोठं पण पातळ

वरच्या १.१ मीटरच्या पॅडमध्ये फ्लोट मधोमध ठेवला, तर त्याच्या कडेपासून पॅडच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंना ३५ सेंमी लाकूड बाहेर राहतं. खालून जमीन त्या बाहेरच्या भागाला वर ढकलते, वरून फ्लोट मधला भाग खाली दाबतो. म्हणजे बाहेरचा भाग भिंतीतून बाहेर आलेल्या बाल्कनीसारखा आहे, फक्त भार खालून वर लागलेला. तो भाग वाकला नाही तरच कडेची माती वजन घेते. वाकला तर कडेची माती मोकळी राहते आणि सगळं मधल्या जागेवर येतं.

ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. जाडी दुप्पट केली की फळी आठपट ताठ होते आणि तिची वाकण्याविरुद्धची ताकद चौपट होते. म्हणून लाकूड वाढवायचं असेल तर रुंदीआधी जाडी वाढवावी. कामावरचे जुने लोक एक साधा ठोकताळा वापरतात: फ्लोटच्या कडेपासून जाडीएवढंच अंतर मोजायचं, त्यापलीकडचं लाकूड फारसं काम करत नाही असं धरायचं. म्हणजे १० सेंमी जाड पॅड असेल तर ४० सेंमीच्या फ्लोटचं काम ६० सेंमीपर्यंतच वाढतं. हा ठोकताळा मला पटतो, कारण तो माणसाला सावध बाजूला ठेवतो.

आता घरगुती पॅडमधली सर्वांत मोठी गफलत. १०० मिमी जाड लाकूड मिळत नाही, म्हणून २५ मिमीचे चार प्लाय एकावर एक रचतात आणि कडेने चार स्क्रू मारतात. दिसायला जाडी १०० मिमी. पण दीडशे पानांची वही हातात घेऊन वाकवून पाहा. पानं एकमेकांवरून घसरतात आणि वही सहज वाकते. तीच पानं पूर्ण पृष्ठभागावर डिंकाने चिकटवली आणि वाळवली, तर त्याचा पुठ्ठा होतो, आणि तो वाकवायला जोर लागतो. लाकडाचंही तेच. चार सुट्या थरांपेक्षा तेच चार थर नीट चिकटवले की सोळापट ताठपणा येतो आणि ताकद चौपट होते. सुटे थर म्हणजे चार पातळ फळ्या. त्यांची बेरीज जाड फळी होत नाही.

म्हणून प्लायवूडचं पॅड करायचं असेल तर पाणी सोसणारा, बाहेरच्या वापराचा प्लाय घ्यावा आणि तसाच पाणी सोसणारा गोंद पूर्ण पृष्ठभागावर लावावा. मग भरपूर क्लॅम्प लावून किंवा वरून सारखं वजन ठेवून गोंद पूर्ण वाळू द्यावा. स्क्रू फक्त गोंद वाळेपर्यंत धरून ठेवायला. मधेच हवेचे पोकळ खिसे राहिले तर त्या जागेपासून थर सुटायला लागतात.

फळ्यांचं पॅड आणि रेषांची दिशा

लाकडात तंतू एका दिशेने असतात. तंतूंच्या दिशेने फळी ताठ असते. आडव्या दिशेने तीच फळी ढिली असते, हलक्या झटक्यानेही चिरते. फळ्या शेजारी शेजारी लावून पॅड केलं तर फ्लोट ज्या तीन-चार फळ्यांवर बसतो त्याच फळ्या वजन घेतात. शेजारच्या फळ्या नुसत्या पडून राहतात. १.१ मीटरचं पॅड असलं तरी वजन घेणारा पट्टा फ्लोटच्या रुंदीएवढा, म्हणजे ४० सेंमीचा. ४० सेंमी गुणिले १.१ मीटर म्हणजे ०.४४ चौरस मीटर. तिथे दाब होतो चौरस मीटरला ५० टनांच्या वर. आपण २० टनांची जमीन धरली होती!

यावर उपाय म्हणजे दोन थर, एकमेकांना आडवे. वरचा थर एका दिशेने वजन पसरवतो, खालचा दुसऱ्या दिशेने. आपल्याच उदाहरणात या दोन थरांचा हिशोब केला, तर वरचा थर जास्त जाड लागतो. कारण फ्लोटखालच्या ४० सेंमी पट्ट्यालाच सगळं वाकणं सोसावं लागतं. लाकडाला चौरस मिमीला १० न्यूटन (साधारण एक किलो वजनाएवढा) ताण चालतो असं धरलं, तर वरच्या थराची जाडी १३६ मिमीच्या आसपास निघते आणि खालच्याची ८२ मिमी. व्यवहारात १५० आणि १०० मिमी.

पण फक्त वाकण्याचा हिशोब पुरत नाही. जाड आणि आखूड तुकड्यात लाकूड वाकून मोडण्याआधी आडवं फाटतं. तंतूंच्या रेषेत वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्यावरून सरकतो, आणि फळीच्या तोंडाला मधोमध एक लांब तडा दिसतो. अशा सरकण्याला लाकूड फार कमी दाद देतं. साधारण चौरस मिमीला एक-सव्वा न्यूटनच्या पुढे तिथे जाऊ नये. वरच्या हिशोबात १३६ मिमी जाडी ठेवली तर आपण नेमके त्या काठावर येतो. म्हणून १५० घ्यायची.

आता त्या पॅडचं वजन पाहा. १.२१ चौरस मीटर गुणिले पाव मीटर, म्हणजे ०.३ घनमीटर लाकूड. घनमीटरला ८०० किलोच्या लाकडाचं पॅड २४० किलोच्या आसपास जातं. चार पॅड म्हणजे जवळपास एक टन. हातांनी ते हलत नाही. पॅडमध्ये उचलण्यासाठी कडी लागते, आणि ते क्रेननेच ठेवावं-उचलावं लागतं. घरी बनवलेलं लाकडी पॅड छोट्या क्रेनला, बऱ्या जमिनीवर सोयीचं. क्रेन मोठी किंवा जमीन मऊ झाली की लाकूड इतकं जाड आणि जड होतं, की पोलादी प्लेट किंवा कारखान्यात बनवलेले प्लास्टिकचे पॅड बरे पडतात.

कोणतं लाकूड

फ्लोटखाली लाकूड नेहमी आडवं दाबलं जातं, तंतूंवर बाजूने. त्या दिशेने लाकडाची दाब सोसायची ताकद उभ्या दिशेच्या मानाने कित्येक पट कमी असते. तरीही आपल्या उदाहरणात फ्लोटखाली चौरस मिमीला पावणेदोन न्यूटन दाब येतो, आणि ओकसारखं कठीण लाकूड त्याच्या तिप्पट सहज घेतं. म्हणजे चिरडण्याची भीती एरवी कमी. पण फ्लोट तिरका होऊन एका कडेवर टेकला की तोच दाब एका रेषेवर येतो, आणि लाकडात खोल खाच पडते. लाकूड ओलं असेल तर ही ताकद सुक्याच्या मानाने जवळपास एक तृतीयांशाने कमी धरावी. पॅड तर कायम चिखलातच असतात.

उत्तर अमेरिकेत क्रेनच्या मोठ्या लाकडी मॅटसाठी, म्हणजे मोठ्या पॅडसाठी, ओक वापरतात. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतलं अझोबे किंवा एक्की हे लाकूडही त्या कामासाठी नावाजलेलं आहे. ते इतकं जड असतं की पाण्यात बुडतं. साल किंवा बाभूळ यांसारखी घट्ट, जड लाकडंही उपयोगी. साग टिकाऊ, पण त्या मानाने हलका. कोणतंही घ्या, गाठी नसलेलं घ्या. गाठीभोवती तंतू वळतात, आणि फळीच्या खालच्या अंगाला, मधोमध, जिथे ताण सर्वांत जास्त असतो, तिथे गाठ असली की तडा तिथूनच सुरू होतो. झाडाचा अगदी मधला गाभा असलेली फळीही टाळावी, ती वाळताना चिरते. रेषा फळीच्या लांबीला समांतर धावताहेत ना, तेही पाहायचं. तिरक्या धावल्या तर ताकद घटते.

रेल्वेचे जुने स्लीपर फुकट किंवा स्वस्तात मिळतात म्हणून अनेकांचा त्यांच्यावर डोळा असतो. मला ते आवडत नाहीत. खिळ्यांची भोकं, आत दडलेली कूज, आणि वरून डांबरी तेलाचा थर, त्यामुळे आतलं काही दिसत नाही. घ्यायचेच असतील तर एकेक हातोडीने ठोकून पाहा. चांगलं लाकूड टणक वाजतं, कुजलेलं भदभद वाजतं. मग टोच्या किंवा स्क्रूड्रायव्हर जोर लावून खुपसा. सहज शिरला की तो स्लीपर क्रेनखाली घालायचा नाही.

बनवताना

फळ्या रंधून सरळ करून घ्याव्यात, म्हणजे दोन थरांमध्ये फटी राहणार नाहीत. एका थरातल्या फळ्या आटे कापलेल्या आरपार गजांनी आवळाव्यात, म्हणजे पूर्ण थर एकसंध होतो. गजाचं भोक फळीच्या जाडीच्या मधोमध असावं. वरच्या आणि खालच्या अंगाला ताण जास्त असतो, मध्यभागी कमी. भोक तिथे पडलं तर सर्वांत कमी नुकसान. ही भोकं फ्लोटच्या कडेच्या रेषेवर येऊ नयेत, कारण वर सांगितलेला सरकण्याचा जोर तिथे सर्वांत जास्त. नट आणि मोठे वॉशर लाकडात बुडवून बसवावेत. बाहेर आलेला लोखंडी नट वाहतुकीत अडकतो. दोन थर जोडणाऱ्या उभ्या बोल्टचं डोकं तर अजिबात वर राहू देऊ नये. फ्लोट त्याच्यावर बसला तर लोखंडावर लोखंड येतं आणि घसरतं.

लाकूड कापल्यानंतर लगेच पॅड बनवलं तर ते पुढे आकसत जातं. ओल्या लाकडाची रुंदी वाळताना ४ टक्के कमी झाली असं धरलं, तरी १.१ मीटरच्या पॅडमध्ये साडेचार सेंमीच्या आसपास फटी पडतात. म्हणून वाळलेलं लाकूड घ्यावं, आणि तरीही पहिल्या वर्षात नट पुन्हा पुन्हा आवळावेत. फळ्यांच्या तोंडांना मेण किंवा रंग लावला तर ओलावा त्या बाजूने झपाट्याने बाहेर पडत नाही आणि तडे कमी जातात. बाकी अंगाला जाड रंग लावू नये, त्याखाली तडा दिसत नाही. फक्त कडांना उठावदार रंगाचा पट्टा, म्हणजे पॅड दिसतं आणि कोणी अडखळत नाही. उचलण्यासाठी दोरीचं भोक कोपऱ्याजवळ पाडावं, मधल्या रेषेवर नाही. पॅडवर त्याची मापं आणि किती टनांपर्यंत वापरायचं तो आकडा ठळक लिहावा. तो आकडा कोणीतरी अभ्यासू इंजिनिअरने हिशोब करून दिलेला असावा, ‘आजवर चाललंय’ या अनुभवावर लिहिलेला नसावा.

टाकताना

चांगलं पॅडही चुकीचं टाकलं तर वाया जातं. जमीन आधी सपाट करून घ्यावी. फावड्याने उंचवटे काढावेत, खोलगट जागी वाळू किंवा बारीक खडी भरून दाबावी. दगडावर टेकलेलं पॅड म्हणजे एका बिंदूवर तोललेलं पॅड. फ्लोट पॅडच्या मधोमध यायला हवा. एका बाजूला सरकला की त्या बाजूची माती जास्त दाबली जाते, पॅड तिरकं होतं, आणि मग फ्लोट आणखी सरकतो. पॅड नेहमी फ्लोटखाली असावं. आउटरिगरच्या आडव्या बीमखाली ठोकळे लावणं चूक आहे, कारण तो बीम तसं वजन घेण्यासाठी बनवलेला नसतो. पॅडवरचा चिखल आणि तेल आधी पुसून काढावं.

खोदलेल्या खड्ड्याच्या किंवा चराच्या काठाशी पॅड ठेवू नये. साध्या घट्ट मातीत खड्ड्याच्या तळाच्या कोपऱ्यापासून ४५ अंशांची रेषा काढली, तर पॅडचा कोणताही भाग त्या रेषेच्या आत येता कामा नये. म्हणजे चर तीन मीटर खोल असेल तर कडेपासून कमीत कमी तीन मीटर दूर. माती मोकळी असेल तर दुप्पट अंतर ठेवावं. गटाराची झाकणं, तळघराचं छत, जमिनीखालच्या टाक्या यांच्यावर पाय टेकवायचा असेल तर आधी खाली काय आहे ते विचारून घ्यायचंच.

माझ्या मते या सगळ्यातला भयंकर आकडा हा आहे. क्रेनच्या पायांमधलं अंतर ६ मीटर आहे, आणि उचलताना एका बाजूचा पाय ५ सेंमी खाली गेला. ५ सेंमी म्हणजे चार बोटांहून कमी. पण क्रेन जेमतेम अर्ध्या अंशाने कलते, आणि ३० मीटर उंच असलेल्या बूमचं टोक २५ सेंमी त्या बाजूला सरकतं. माल क्रेनपासून आणखी दूर जातो. माल जितका दूर, तितका उलटवणारा जोर जास्त. त्यामुळे तोच पाय आणखी दाबला जातो, आणखी खाली जातो, माल आणखी दूर सरकतो. क्रेन उलटताना एकदम उलटते ती यामुळे. म्हणूनच लोड चार्टमधले (किती अंतरावर किती माल उचलता येतो त्या तक्त्यातले) आकडे क्रेन अगदी समतल असल्याचं धरून दिलेले असतात, आणि अनेक निर्माते एक टक्क्याहून जास्त उतार चालवून घेत नाहीत. पहिली उचल करताना माल जमिनीपासून जेमतेम वर घेऊन थांबावं, चारही पॅडांकडे पाहून यावं, लेव्हल पुन्हा तपासावी. एक मिनिट जातो.

कुठे हात आवरायचा

लाकडी पॅड हे आपल्या हाताने करायचं काम नव्हे, असं मी म्हणणार नाही. माणसं पिढ्यान्‌पिढ्या जड यंत्रांखाली लाकूड घालत आली आहेत, आणि चांगलं लाकूड वजन घेताना आवाज करतं, तडे दाखवतं, आपल्याला इशारा देतं. हा त्याचा मोठा गुण आहे. पण क्रेनच्या पायावर येणारं वजन माहीत नसेल, जमिनीबद्दल शंका असेल, किंवा पॅडच्या आसपास माणसांची ये-जा असेल, तर घरगुती पॅडवर भरोसा ठेवू नये. अशा वेळी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून हिशोब करून घ्यावा, किंवा क्षमता लिहिलेलं तयार पॅड आणावं. निर्मात्याच्या पुस्तकात पॅडबद्दल जे लिहिलंय ते आपल्या हिशोबापेक्षा वरचढ.

पॅड वापरत नसताना जमिनीवर सपाट टाकून देऊ नये. दोन ठोकळ्यांवर, हवा खेळेल असं ठेवावं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला खायला घर मिळतं. दर वेळी वापरण्याआधी तडे, कुजणं, ढिले नट आणि कायमचा वाक पाहावा. आरपार तडा गेलेलं पॅड दुरुस्त करून पुन्हा क्रेनखाली घालायचं नाही. ते कापून त्याच्या पाचरी कराव्यात.

आणि काम संपल्यावर एक गोष्ट जरूर करावी, जी मी स्वतः नेहमी करतो. क्रेन निघून गेली की पॅड उचलून त्याच्याखालच्या जमिनीकडे पाहतो. माती साफ सपाट दबलेली असेल, पॅडच्या चारही कडांची रेघ सारख्या खोलीची उमटलेली असेल, तर पॅड त्या दिवशी पूर्ण काम करत होतं. मधे ताटलीसारखा खोलगट ठसा असेल आणि कडेला माती जवळपास तशीच मोकळी, गवताची पातीही न दबलेली, तर पॅड वाकत होतं. मग ते वाहनात चढवण्याआधी त्यावर खडूने फुली मारतो.